दिवे लागतात, मग इंजिन का बोलत नाही?

नगर जिल्ह्यातील, म्हणजे ज्याचे दफ्तरी नाव आता अहिल्यानगर झाले आहे त्या जिल्ह्यातील, राहुरी, श्रीरामपूर, राहाता, नेवासे अशा ऊसकरी तालुक्यांतून हिंडणाऱ्या माणसाला एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत, कडब्याच्या पेंढ्या, मोडकी तिफण आणि खताची रिकामी पोती यांच्या सोबतीने, ताडपत्रीखाली निजलेली एखादी मोटार अधूनमधून दृष्टीस पडते. ती अँबॅसडर नसली तर बहुधा फियाट असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी, जिला पुढे सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ असे राजघराण्यातले नाव मिळाले, घरी आणावयाची म्हणजे एके काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडील गेले, मुले नवी गाडी घेऊन पुण्यास राहू लागली, आणि पडवीतल्या या स्थावर झालेल्या जंगम मालमत्तेकडे कोंबड्यांखेरीज कोणाचे लक्ष उरले नाही.

मग एखाद्या दिवाळीत कोणाला तरी तिची आठवण होते. नवी बॅटरी येते, ताजे पेट्रोल येते, चावी फिरते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे वीज तर आहे; मग गाडी सुरू का होत नाही?” राहुरीकडे अशाच एका फियाटीपाशी उभा असताना गावच्या मिस्त्रींनी मालकाला दिलेले उत्तर मी ऐकले आहे. ते म्हणाले, “अण्णा, करंट आहे, पण त्यात दम नाही.” विद्युत्शास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची कित्येक पाने या एका वाक्यात सामावलेली आहेत, आणि प्रस्तुत प्रकरण म्हणजे त्या वाक्याचेच भाष्य होय.

१. ठिणगी प्रवाह तुटताना जन्मते

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्या दाबून धरतो, आणि नेमक्या क्षणी प्लगच्या दोन टोकांमधील, जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंदीच्या, फटीतून ठिणगी पडून ते मिश्रण पेटते. एवढीशी फट ओलांडावयाची, मग तीत कठीण ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हवा ही विजेची मोठी हट्टी शत्रू आहे, आणि दाबून दाट केलेली हवा तर अधिकच हट्टी. ती फट ओलांडण्यास हजारो व्होल्टांचा दाब लागतो, आणि आपल्या बॅटरीपाशी असतात अवघे बारा व्होल्ट. बाराचे हजारो कसे होतात, हे कळल्यावाचून बिघाडाचा तपास करणे म्हणजे गावाची सरहद्द ठाऊक नसताना मोजणीस निघणे.

ज्यांनी विहिरीवरून किंवा नदीवरून लांब पाइपलाइन टाकून शेतात पाणी आणले आहे त्यांना याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. हजार फूट पाइपातून पाणी संथपणे वाहत असते तोवर पाइपाची काही तक्रार नसते. पण दूरच्या टोकाचा व्हॉल्व्ह कोणी एका झटक्यात बंद केला, तर धावणारा पाण्याचा तो लांबलचक खांब एकाएकी अडतो, धाडकन आवाज होतो, आणि पंपाच्या नेहमीच्या दाबाने कधी न फुटलेला पाइप त्या क्षणिक धक्क्याने उकलतो. तो दाब पंपाने निर्माण केलेला नसतो. तो वाहत्या पाण्याच्या अकस्मात अडण्यातून उद्भवलेला असतो.

मोटारीतील कॉइल म्हणजे हाच प्रकार विजेच्या बाबतीत. नरम लोखंडाच्या गाभ्याभोवती जाड तारेचे काही शे वेढे, आणि केसासारख्या बारीक तारेचे वीस-एक हजार वेढे, अशी दोन गुंडाळणी एका डब्यात बसविलेली असतात. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहू लागला की गाभ्यात चुंबकत्व साठते; तो प्रवाह एकदम तोडला की चुंबकत्व कोसळते, आणि कोसळताना दोन्ही तारांत विजेचा दाब उत्पन्न करते. बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते हा मायकेल फॅरेडेचा १८३१ सालचा शोध इथे दर ठिणगीला कामास येतो. जाड तारेत समजा २५० व्होल्टांचा झटका बसला आणि बारीक तारेचे वेढे तिच्या ८० पट असले, तर बारीक तारेच्या टोकाशी २५० गुणिले ८०, म्हणजे २०,००० व्होल्टांपर्यंत दाब चढू शकतो.

यातील ग्यानबाची मेख अशी की प्रवाह नुसता असून भागत नाही. तो आधी पुरेसा साठावा लागतो आणि मग स्वच्छ, एका घावात तुटावा लागतो. मिस्त्रींच्या भाषेतला ‘दम’ तो हाच. आणि वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत या दोहोंपैकी एक तरी गोष्ट बिघडलेली असते.

२. बॅटरीविना ठिणगी

कॉइलची ही युक्ती मोटारीत रूढ केली ती अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने, १९१०च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांसाठी. तत्पूर्वी बहुतेकांची भिस्त मॅग्नेटोवर असे: फिरत्या इंजिनाच्याच जोरावर स्वतःची वीज स्वतः निर्माण करणारे हे यंत्र बॅटरीचे मिंधे नसते. नगरकरांना याचे उदाहरण शोधण्यास लांब जावयास नको. नगरला कारखाना असलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली आणलेली लुना पायडल मारताच फुरफुरू लागे ती तिच्या इंजिनाच्या चाकातल्या मॅग्नेटोच्या बळावर. आणि १९९४ साली उघडलेल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची जी चिलखती गाडी आहे, त्या जातीच्या इंजिनात मॅग्नेटो आणि कॉइल अशा दोन स्वतंत्र व्यवस्था असून प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असत. एकीने दगा दिला तर दुसरीने वेळ निभावावी. आपल्या फियाटीला एवढी चैन नाही. तिचा सगळा कारभार एका बॅटरीवर आणि एका कॉइलवर चालतो.

३. वेशीतील गर्दी

आता ‘दिवे लागतात’ या साक्षीची उलटतपासणी करू. नगरच्या माळीवाडा वेशीतून एकटा पादचारी जात असेल तर वेस अर्धी अडवलेली असली तरी त्याला काही जाणवत नाही. पण तिथूनच मिरवणूक जाऊ लागली की ती अडवणूक किती मोठी आहे ते उघड होते. वायरीच्या सांध्यावर चढलेल्या गंजाचे असेच आहे. प्रवाह थोडा असेल तर गंज मुळीच जाणवत नाही, आणि प्रवाह वाढला की तोच गंज सगळा दाब गिळून बसतो.

हिशेब करून पाहू. बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशी चढून तिथे एक दशांश ओहम एवढा अटकाव निर्माण झाला आहे असे धरा. पाच वॅटचा लहान दिवा सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. त्याचे त्या जागी होणारे नुकसान ०.४ गुणिले ०.१, म्हणजे व्होल्टाचा पंचविसावा हिस्सा, आणि दिवा लख्ख दिसतो. परंतु सेल मारताना स्टार्टरला शंभर-दीडशे अँपिअर हवे असतात. शंभर गुणिले ०.१ म्हणजे तिथल्या तिथे दहा व्होल्ट खर्ची पडणार, आणि इंजिन फिरविण्यास दोन शिल्लक राहणार. म्हणून दिवे लागतात आणि सेल नुसता ‘टक्’ करून बसतो. यात बॅटरीला दोष देऊन दुसरी नवी बॅटरी आणणारे गृहस्थ मी पाहिले आहेत.

कॉइलला सेलाएवढा प्रवाह लागत नाही, पण तिचे नुकसान निराळ्या रीतीने होते. जाड गुंडाळणीचा अटकाव सुमारे तीन ओहम. बारा व्होल्टांवर तीतून चार अँपिअर वाहावयास पाहिजेत. चावीचा स्विच, जुने सांधे आणि प्रवाह तोडणारे काळवंडलेले पॉइंट यांनी मिळून आणखी एक ओहम घातला की प्रवाह तीनवर येतो. हा चौथा हिस्सा गेला असे वरकरणी दिसते. परंतु चुंबकत्वात साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे सोळाच्या जागी नऊ, आणि ठिणगीचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यात सेल मारताना बॅटरीचा दाबच दहाच्या आसपास उतरतो, हेही ध्यानात घ्या. बाहेर काढून पाहिलेल्या प्लगवर अशी अशक्त ठिणगी पडलेली दिसते, कारण बाहेरची हवा विरळ असते. सिलिंडरमधल्या दाट हवेत तीच ठिणगी पडत नाही. ‘करंट दिसतो, तरी गाडी उठत नाही’ या जुन्या कोड्याचा उलगडा बहुतांशी एवढाच आहे.

४. एका दिव्याचा पंचनामा

तपासापूर्वी दोन शब्द सावधगिरीचे. गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि हातब्रेक ओढलेला असावा. जुन्या रबरी नळ्यांतून पेट्रोल झिरपत नाही ना, हे नाकाने आणि डोळ्यांनी पाहावे, कारण आपण ठिणगीशी खेळणार आहोत. आणि फार वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून ते आधी हाताने फिरते की नाही हे पाहिल्यावाचून सेल मारू नये. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. तेव्हा नवी बॅटरी बसविताना जुन्या खुणा पाहाव्यात, सवयीवर जाऊ नये. उंदरांचेही विसरू नका. ऊसपट्ट्यातील उंदीर वायरींवरचे आवरण आवडीने कुरतडतात, आणि एअर क्लीनरच्या डब्यात तर त्यांची सहकुटुंब वसाहतच सापडते.

हत्यारे म्हणाल तर दोन वायरी लावलेला बारा व्होल्टांचा एक लहान दिवा पुरे. मीटर असल्यास उत्तम. माझा आग्रह एवढाच की प्रवाह ज्या वाटेने जातो त्याच वाटेने, एकही मुक्काम न गाळता, आपणही जावे. कॉइल बदल, प्लग बदल, कंडेन्सर बदल, अशी जी सरसकट बदलीची मोहीम हौशी मालक काढतात, तिच्यात पैसा जातो तो जातोच, शिवाय मूळचा चांगला भाग जाऊन त्याच्या जागी हलक्या दर्जाचा नवा भाग येतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

पहिला मुक्काम बॅटरी. स्वस्थ असताना मीटर १२.६ व्होल्ट दाखवीत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी, बाराच्या खाली म्हणजे उतरलेली. टोकांवरची बुरशी गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी धुऊन, धातू चमकेपर्यंत घासावी. आणि बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारी अर्थची पट्टी सोडून, दोन्ही टोके घासून पुन्हा आवळावी. या पट्टीकडे कोणी पाहत नाही. प्रवाहाला जाण्याइतकीच परतण्याचीही वाट लागते, आणि रंगरंगोटी करताना कोणी त्या सांध्याखाली रंग फासला असेल तर परतीची वाट बंद.

दुसरा मुक्काम कॉइल. तिच्या डोक्यावर दोन लहान टोके असतात: एकाला चावीकडून येणारी वायर, दुसऱ्याकडून डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ठिणगी प्लगांना वाटून देणाऱ्या डब्याकडे, जाणारी. चावी फिरवून दिव्याची एक वायर बॉडीला आणि दुसरी चावीकडील टोकाला लावा. दिवा लागला नाही, तर दोष चावी, फ्यूज किंवा मधल्या वायरीत आहे. लागला, तर तूर्त पुढे चला. मात्र मघाच्या वेशीचा धडा आठवून, मीटर असल्यास, पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचे धन टोक आणि कॉइलचे हे टोक यांच्यामधला फरक मोजा. तो अर्ध्या व्होल्टाहून अधिक असेल तर वाटेत कोणीतरी खाणारा बसला आहे.

आता दिव्याची वायर कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावून कोणाला तरी सेल मारावयास सांगा. सगळे ठीक असेल तर दिवा लुकलुकेल: पॉइंट उघडले की लागेल, मिटले की विझेल. तो एकसारखा लागूनच राहिला, तर पॉइंट मिटूनही विजेच्या दृष्टीने मिटत नाहीत, म्हणजे त्यांवर पुटे चढली आहेत किंवा डिस्ट्रिब्युटरमधली एखादी वायर तुटली आहे. तो मुळीच लागला नाही, तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर त्या टोकावरून काढून पुन्हा पाहा: आता लागला, तर कॉइल निर्दोष असून पुढे कुठेतरी प्रवाह बॉडीत गळतो आहे, तरीही नाही लागला, तर कॉइलची जाड गुंडाळणी आतून तुटली आहे. स्वस्तातल्या दिव्याने दिलेली ही जबानी मोठमोठ्या यंत्रांच्या तोडीची असते. फक्त, चावी चालू ठेवून चहाला जाऊ नये. पॉइंट मिटलेल्या स्थितीत थांबले असतील तर कॉइल निष्कारण तापत राहते.

५. पॉइंट आणि त्यांचा सांडवा

पडवीतल्या गाडीत गुन्हेगार म्हणून सर्वांत अधिक वेळा पॉइंटच सापडतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली टंगस्टनची दोन लहान टोके समोरासमोर असतात, आणि मधला चौकोनी दांडा फिरताना ती उघडतात व मिटतात. किती वेळा? इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांच्या चतुर्घात इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला सहा हजार, सेकंदाला शंभर. रोज चालणाऱ्या गाडीत ही टोके आपटून-आपटून एकमेकांना घासून स्वच्छ ठेवतात. उभ्या गाडीत मात्र त्यांच्यावर दमट हवेचे अदृश्य पूट चढते. डोळ्यांना टोके स्वच्छ दिसतात आणि दिवा सांगतो की ती मिटतच नाहीत.

उपाय सोपा आहे. बारीक कानशीच्या दोन-चार हलक्या हातांनी पूट काढावे आणि पेट्रोलमध्ये भिजविलेला स्वच्छ, जाड कागद टोकांमधून ओढून घ्यावा. पॉलिश पेपर वापरण्याची चाल आहे, पण त्याचे कण मागे राहून पुन्हा तोच अटकाव करतात, म्हणून ती मला पसंत नाही. मग टोके पूर्ण उघडी असताना फट मोजावी; बहुतेक जुन्या गाड्यांत ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. फट फार मोठी, तर टोके अल्पकाळच मिटतात आणि चुंबकत्व पुरते साठत नाही. फार लहान, तर प्रवाह धड तुटत नाही.

तोडण्याच्या कामी पॉइंटांना जो मदतनीस असतो तो कंडेन्सर, करंगळीएवढी एक डबी. धरणाला जसा सांडवा, तसा हा पॉइंटांना. टोके विलग होऊ लागतात त्या क्षणी अडलेला प्रवाह त्या केसभर फटीतूनच उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्याला क्षणभर आपल्या पोटात जागा देतो, तेवढ्यात टोके पुरेशी दूर होतात आणि प्रवाह खऱ्या अर्थाने तुटतो. कंडेन्सर निकामी झाला की पॉइंटांमध्येच निळसर जाळ दिसतो, टोके जळून काळी पडतात, आणि प्लगकडे पोचते ती मरतुकडी पिवळी ठिणगी. व्हॉल्व्ह झटक्यात बंद करण्याऐवजी हळूहळू बंद केला तर पाइप फुटत नाही, तसेच हे.

६. वरची बाजू

खालची, म्हणजे कमी दाबाची, बाजू शुद्ध झाली की कॉइलच्या मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढून, रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनाच्या उघड्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावे आणि सेल मारावा. कडकड वाजणारी निळी ठिणगी पडली, तर दम आला. इथे ती पडते आणि प्लगवर पडत नाही, तर चोर टोपी, रोटर किंवा प्लगच्या वायरींत आहे.

टोपीच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती साधा मळ समजू नये. ओलाव्यातून किंवा धुळीतून वीज एकदा आडवाटेने गेली की ती मागे कोळशाची पायवाट ठेवते, आणि पुढे प्रत्येक ठिणगी त्याच सोप्या वाटेने जाते. अशी टोपी बदलावीच लागते. नुसता दमटपणा असेल तर कोरड्या फडक्याने भागते. टोपीच्या मध्यभागी असलेला कोळशाचा लहान खुंट स्प्रिंगवर मोकळा हलतो ना, हेही पाहावे. अकोले तालुक्याच्या डांगी मुलखात पावसाळ्यात ओलाव्याची पीडा फार, नगर-पारनेरच्या कोरड्या हवेत कमी.

प्लगच्या वायरी टोपीतून काढताना त्यांवर खुणा कराव्यात. फियाटीचा आणि अँबॅसडरचाही क्रम १-३-४-२ असा आहे, १-२-३-४ असा नव्हे, आणि त्यातील दोन वायरींची अदलाबदल झाली की इंजिन सुरू होण्याऐवजी सायलेन्सरमधून किंवा कार्ब्युरेटरमधून बार काढते.

राहुरीकडच्या त्या फियाटीत तेच झाले. अर्थच्या पट्टीखाली रंग होता, पॉइंटांवर पूट होते. दोन्ही निघाल्यावर निळी ठिणगी कडाडली, आणि सेल मारताच पडवीत असा बार झाला की कडब्याच्या गंजीवरच्या कोंबड्या अंगणात आल्या. मिस्त्रींनी शांतपणे तिसरी आणि दुसरी वायर एकमेकींच्या जागी लावली. “अण्णा, मारा आता.” पहिल्याने एक सिलिंडर बोलला, मग दोन, चौथा बराच वेळ रुसून होता, सायलेन्सरमधून गांधीलमाशीचे घर आणि मूठभर माती बाहेर पडली तेव्हा तोही लागला.